समोर बसलेला माणूस : येरवडा ते चाकण

२९ ऑगस्ट १९८६. येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात एक व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. जागा सरकारची, सुरुवातीचे एक लाख रुपये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्याकडून आलेले, आणि पुढाकार त्याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट व त्यांचे पती अनिल अवचट यांचा. अडीच हजारांवर खाटांच्या त्या बंदिस्त आवारात या केंद्राला नाव देण्यात आले ‘मुक्तांगण’.

मुक्तांगणाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, खुद्द अवचटांनीच सर्वाधिक. या धाग्याचा विषय मात्र त्या केंद्रातली एक खुर्ची आहे. तेथे समुपदेशकाच्या खुर्चीवर हळूहळू जी माणसे बसू लागली, त्यांतली अनेक डॉक्टर नव्हती, मानसशास्त्राची पदवीधरही नव्हती. काही काळापूर्वी तीच माणसे समोरच्या, रुग्णाच्या खुर्चीवर बसलेली होती. ही अदलाबदल कोठून आली, आणि पुण्यापासून चाकणपर्यंतच्या कारखानी पट्ट्यात तिने काय साधले, काय साधता आले नाही, याची ही हकीकत.

आधी भूगोल. येरवड्याहून विश्रांतवाडी, दिघी आणि मग आळंदी असा रस्ता जातो. दिघीच्या डाव्या हाताला भोसरीची एमआयडीसी, आळंदीच्या पुढे चाकण. म्हणजे वारकऱ्यांचा, मनोरुग्णांचा आणि कामगारांचा रस्ता काही मैल एकच आहे. मुक्तांगणाची आजची स्वतःची इमारतही याच आळंदी रस्त्यावर आहे.

या रस्त्याच्या पश्चिमेकडचे शहर पन्नास-साठ वर्षांत उभे राहिले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पाठोपाठ आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को आली. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. सातारा, सोलापूर, खानदेश, मराठवाडा, विदर्भ येथून माणसे आली. भावकी, पार, जत्रा, घरातली वडीलधारी मंडळी हे सगळे गावाकडे राहिले. सोबत आली ती ट्रंक आणि कोणा गाववाल्याचा पत्ता.

कारखान्याने या माणसाच्या शरीराची काळजी कायद्याने घ्यायची होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमात २५० हून अधिक कामगार असतील तर कॅन्टीन, ५०० हून अधिक असतील तर प्राथमिक उपचारांची स्वतंत्र खोली आणि ५०० वा अधिक असतील तर कामगार कल्याण अधिकारी, अशी तरतूद होती. बोट कापले तर त्याची नोंद होते. झोप उडाली, बायकोशी बोलणे थांबले, रात्रपाळीहून येताना अड्ड्यावर थांबल्याशिवाय पाऊल घराकडे वळेनासे झाले, तर त्याची नोंद कोठेच नाही. ती उमटते हजेरीपत्रकावर, आणि तीही ‘गैरहजर’ एवढ्याच शब्दात.

येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. या पट्ट्यात दारू सोडण्याची एक व्यवस्था कारखान्यांच्या कित्येक शतके आधीपासून होती. देहू आणि आळंदी या पट्ट्याच्या दोन टोकांना आहेत. गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्यमांस वर्ज्य, आणि वारी चुकवायची नाही. माळ एकट्याने घातली तरी ती टिकते दिंडीमुळे, भजनी मंडळामुळे. ‘बुवा, काल दिसला नाहीत’ असे विचारणाऱ्या शेजाऱ्यामुळे. कामगार वस्त्यांमध्ये गावोगावची भजनी मंडळे नव्याने उभी राहिली, ती केवळ भक्तीपोटी नव्हेत. मात्र माळ तुटली, की माणूस लाजेने मंडळाकडे फिरकेनासा होतो. पडलेल्याला पुन्हा आत घेण्याची रीत या व्यवस्थेत दुबळीच राहिली.

१९८०च्या दशकात जे आले त्यापुढे ती व्यवस्थाही हतबल ठरली. ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, मुंबईपाठोपाठ पुण्यात पोहोचली. अमली पदार्थांविषयीचा कडक कायदा १९८५ साली झाला, पण तो पोलिसांसाठी होता. व्यसनी मुलाला घेऊन आईबापांनी जायचे कोठे, याचे उत्तर कायद्यात नव्हते. अनिल अवचटांची ‘गर्द’वरची लेखमाला याच काळातली. अनिताताईंसमोर प्रश्न अधिक रोकडा होता. ‘टर्की’, म्हणजे पदार्थ बंद केल्यावरच्या शारीरिक यातना, काही दिवसांत औषधांनी आटोक्यात आणता येते. त्यानंतरच्या आयुष्याचे काय?

आणि तेथेच डॉक्टरची पदवी अपुरी पडते. व्यसनी माणूस बहाण्यांचा महामेरू असतो. आई आजारी आहे, पगार अडकला आहे, शेवटचीच वेळ आहे. तज्ज्ञाला तो सहज गुंडाळतो, कारण तज्ज्ञ सभ्य असतो. परंतु समोर बसलेल्यानेच हे सारे बहाणे एकेकाळी स्वतः वापरलेले असतील, तर बोलणे निराळ्याच पातळीवर सुरू होते. बरे झालेले रुग्ण मुक्तांगणात थांबू लागले, आधी मदतीला, मग कार्यकर्ते म्हणून, मग समुपदेशक म्हणून. केंद्राचा कणा तेच झाले. १९९७ मध्ये अनिताताई कर्करोगाने गेल्या, त्यानंतरही संस्था डगमगली नाही, याचे एक कारण हे की ज्ञान एका डॉक्टरच्या डोक्यात साठवलेले नव्हते.

ही कल्पना येरवड्यात जन्मलेली नव्हे. तिचे मूळ अशाच एका कारखानी शहरात सापडते.

अमेरिकेतील ओहायो राज्यातले ॲक्रन हे टायरचे शहर. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच सगळे तेथलेच. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला एक माणूस यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीच्या ताब्याच्या व्यवहारासाठी तेथे आला. व्यवहार फिसकटला. पाचेक महिन्यांपूर्वी दारू सोडलेला विल्सन हॉटेलच्या दालनात उभा होता. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने फोन उचलला आणि ओळखीतून ओळख काढत गावातल्या एखाद्या दारुड्याशी भेट घालून द्या, अशी विनंती केली. गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी. १० जून १९३५ या दिवशी डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

या कथेतला मर्म वरवर वाचताना निसटतो. विल्सनने फोन केला तो डॉ. बॉबला वाचवण्यासाठी नव्हे, स्वतः वाचण्यासाठी. दुसऱ्याशी बोललो नाही तर आपण पिऊ, हे त्याला कळले होते. स्वयंसेवेच्या आपल्या नेहमीच्या कल्पनेत एक देणारा असतो आणि एक घेणारा. येथे तो भेदच उरत नाही. मदत करणारा उपकार करीत नाही, तो आपले औषध घेत असतो.

भारतात ही चळवळ १९५७ साली मुंबईत रुजली आणि पुढे पुणे, पिंपरी-चिंचवडपर्यंत पसरली. शाळेचा रिकामा वर्ग, चर्चची खोली किंवा एखादे समाजमंदिर एवढे तिला पुरते. फी नाही, आडनाव नाही, नोंदवही नाही. इतिहास लिहिणाऱ्याची मात्र येथे मोठी पंचाईत होते. जी संघटना सभासदांची नावेच ठेवत नाही, तिचा दफ्तरखाना कोठून मिळणार? टेल्कोतला वा बजाजमधला कोणता कामगार कोणत्या साली कोणत्या खोलीत प्रथम उभा राहिला, हे कधीच कळणार नाही. त्या अज्ञातपणामुळेच तो उभा राहू शकला.

व्यसन माणसाला होते आणि घर आजारी पडते. बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ हा वेगळा गट सुरू केला. मुक्तांगणात रुग्णांच्या पत्नींच्या गटाला नाव मिळाले ‘सहचरी’. नाव सुंदर आहे, पण त्यामागचे वास्तव कडू आहे. नवऱ्याची दारू झाकणे, पाळीच्या वेळी ‘ताप आलाय’ म्हणून निरोप पाठवणे, सोसायटीचे कर्ज फेडणे, मुलांसमोर हसरे राहणे, हे सारे वर्षानुवर्षे एकटीने केलेल्या बाईला प्रथमच दुसरी तशीच बाई भेटते. नवरा सुधारो वा न सुधारो, ती तेवढ्यापुरती तरी एकटी राहत नाही. व्यसनमुक्तीच्या इतिहासात या बायकांना एखाद-दुसरा परिच्छेदच मिळतो. प्रत्यक्षात हे काम त्यांच्या खांद्यावरच उभे आहे.

व्यसनाला निदान ‘सुटणे’ हा शब्द तरी आहे. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात तोही सरळ लागू होत नाही. मूळचे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाशी त्यांनी अनेक वर्षे घरात झुंज दिली होती. १९९७ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापन झाली. ‘सा’ या नावाने ती ओळखली जाते. वाणींना सुचला तो अनुभवी नातेवाइकाचा मार्ग. रुग्णांच्या आईवडिलांना, भावंडांना एका खोलीत बसवा, बोलू द्या. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट वाणींच्याच पाठबळाने झाला, आणि मराठी घरांत हा आजार नाव घेऊन बोलता येऊ लागला.

‘सा’च्या वर्तुळात दोन शब्द रूढ झाले : रुग्णासाठी ‘शुभार्थी’, त्याची काळजी वाहणाऱ्यासाठी ‘शुभंकर’. पुण्यातल्या पार्किन्सन्सच्या स्वमदत गटानेही ते आपलेसे केले. ‘वेडा’ आणि ‘वेड्याची आई’ यांच्या जागी ‘शुभार्थी’ आणि ‘शुभंकर’ म्हटल्याने आजार बरा होत नाही. पण सभेला येणाऱ्या आईला आपली ओळख करून देता येते, आणि जी ओळख करून देऊ शकते तीच पुढच्या महिन्यात परत येते. संस्कृत वळणाचे शब्द एरवी माणसांना दूर ठेवतात; येथे त्यांनी जवळ आणले, ही मौजच.

१९९९ मध्ये पुण्यातच भार्गवी दावर यांनी आपल्या आईच्या नावाने ‘बापू ट्रस्ट’ उभारला. आईने मनोरुग्णालयांत जे भोगले ते त्यांनी बालपणी पाहिले होते. त्यामुळे त्यांचा रोख रुग्णालयाबाहेर, वस्तीत काम करण्यावर राहिला. अनिताताईंना रुग्णालयाच्या आवारातच मोकळे अंगण करता येईल असे वाटले. दावर यांना आवारच नको होते. हे दोन मार्ग एकमेकांना छेद देतात आणि तो वाद अजून मिटलेला नाही. मदत वस्तीत, ओळखीच्या माणसांत मिळाली पाहिजे, यावर मात्र दुमत नव्हते.

फोनवरची सोबत वेगळ्या वाटेने आली. चॅड वाराह हा इंग्रज धर्मगुरू. १९३५ मध्ये, ॲक्रनची भेट घडली त्याच वर्षी, त्याला नोकरीतला पहिला अंत्यविधी करावा लागला तो आत्महत्या केलेल्या एका किशोरवयीन मुलीचा. पुढे नोव्हेंबर १९५३ मध्ये लंडनच्या आपल्या चर्चमध्ये त्याने निराश माणसांसाठी एक टेलिफोन ठेवला. भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. रांगेतल्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला काही स्वयंसेवक येऊन बसू लागले. काही महिन्यांत वाराहच्या ध्यानात आले की अनेकजण चहा घेऊन, मन मोकळे करून, त्याला न भेटताच समाधानाने परत जात आहेत. २ फेब्रुवारी १९५४ रोजी त्याने स्वयंसेवकांना सांगितले की यापुढे फोन तुम्हीच उचलायचा. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी, चहा देणाऱ्यांतून, घडली.

त्याच परंपरेतली ‘कनेक्टिंग’ ही संस्था २००५ पासून पुण्यात आत्महत्या प्रतिबंधाचे काम करते. तिची हेल्पलाइन प्रशिक्षित स्वयंसेवक चालवतात. या प्रशिक्षणात शिकवायचे थोडे आणि विसरायला लावायचे फार असते. सल्ला द्यायचा नाही. ‘सगळं ठीक होईल’ म्हणायचे नाही. स्वतःचे उदाहरण सांगायचे नाही. मराठी माणसाला हे विलक्षण अवघड जाते. आपल्याकडे दुःख ऐकले की उपाय सांगणे हा शिष्टाचारच आहे. ‘जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का’ हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा, विचारल्याने विचार मनात पेरला जात नाही, हेही तेथेच पहिल्यांदा शिकवले जाते.

तरीही ऐकणाऱ्याचे काम पडताळून पाहिल्याशिवाय मानायचे का? शंका योग्यच होती, आणि तिचे उत्तर शोधायला गोवा पुढे आला. ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. समुपदेशक वैद्यकीय क्षेत्रातले नव्हते, साधी प्रशिक्षित माणसे होती. तीन महिन्यांनी त्यांच्याशी बोललेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेखाली आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. फरक दहा टक्क्यांचा. चमत्कार नव्हे, पण खरा, मोजलेला.

पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा प्रकल्प राबवला. गावातलेच विश्वासू लोक निवडून त्यांतल्या काहींना ‘मित्र’ केले गेले : कोण गप्पगप्प झाला आहे, कोणाच्या घरात चूल पेटत नाही, हे टिपणारे. त्यांच्या पुढच्या फळीला काही बैठकांत समुपदेशन कसे करावे हे शिकवले. त्या प्रकल्पातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे या स्वयंसेवकांच्या कामात सरकारी योजना मिळवून देणेही होते. रेशनकार्ड अडले असेल तर नैराश्यावर नुसते बोलून काय होणार?

स्वयंसेवेची गोडवी गाताना एक हिशेबही मांडला पाहिजे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दारूच्या विकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्क्यांना कोणताही उपचार मिळत नव्हता. देशात लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ येत नाही. ही पोकळी भरायला विनावेतन वा अल्पवेतन माणसे पुढे येतात, तेव्हा सरकारचा खर्च वाचतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क मानला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिले. हक्क मिळाला, तो बजावण्यासाठी लागणारी माणसे पुरेशी मिळाली नाहीत. बरे होऊन दुसऱ्यांना सावरणारा कार्यकर्ताही कधी पुन्हा घसरतो, आणि त्याला सावरायला कोण, हा प्रश्न प्रत्येक संस्थेला केव्हा ना केव्हा पडतोच.

आता चाकण. बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तेथे आले. पिंपरीच्या पहिल्या पिढीच्या कामगाराला युनियन होती, क्वार्टर किंवा निदान कायमचा पत्ता होता, त्याची बायको ‘सहचरी’च्या बैठकीला येऊ शकत होती. खराबवाडी, महाळुंगे, नाणेकरवाडीच्या खोल्यांत राहणारा विशी-पंचविशीतला कंत्राटी मुलगा लातूर-नांदेडचा असतो वा बिहार-उत्तर प्रदेशचा. पगार ठेकेदाराकडून येतो. काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो. ज्या ज्या गटांवर हा सारा इतिहास उभा आहे, बायको, आईबाप, शेजारी, जुना सहकारी, त्यांपैकी त्याच्याजवळ कोणीच नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. देशातल्या एकूण संख्येत रोजंदारीवर काम करणारे एक चतुर्थांशाहून अधिक होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला केंद्र सरकारने ‘टेली-मानस’ ही चोवीस तासांची मोफत सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६, मराठीतूनही बोलता येते. अनेक कारखान्यांत लाइनवर मोबाइल नेता येत नाही, आणि खोलीवर एकांत नसतो. फोन करायचा तर रस्त्यावर येऊन करावा लागतो.

एका खोलीत पाच-सहा मुले, पाळ्या वेगवेगळ्या. तिघे झोपलेले असतात तेव्हा तिघे कामावर. एखाद्याने दोन दिवस डबा उघडलेला नाही, कामावर गेलेला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून आहे, हे सर्वांत आधी दिसते ते त्याच्या रूमपार्टनरला. पेठच्या गावांत ज्याला ‘मित्र’ म्हटले गेले, त्याच्या जागी येथे हाच आहे. त्याला कोणी काही शिकवलेले नाही. ब्रेक लागला की तोही दुसऱ्या खोलीवर जातो.